घरच्या तव्यावरचा शोरमा: चिकनला पाणी कामून सुटतं अन् त्यावर काय करायचं

ताई, तुम्ही लातूरहून लिहिलंय की लेकराच्या वाढदिवसाला घरी चिकन शोरमा केला अन् तीन गोष्टी फसल्या, चिकनला पाणी सुटून त्याची भाजी झाली, गार्लिक सॉस मिक्सरमधेच फुटून तेल वेगळं झालं, अन् रोटी गुंडाळताना मधूनच फाटली. आता पुढच्या महिन्यात परत पंधरा लेकरं येणारेत, घरात ओव्हन नाही, नुसता गॅस अन् लोखंडी तवा हाय. मी सौदीतल्या जेद्द्यात चार वर्षं शोरम्याच्या दुकानात काम केलं, पहिलं वर्ष तर नुसता लसूण सोलण्यात अन् काकड्या चिरण्यात गेलं, मंग कुठं मांस रचायला हात लावू दिला. आता परभणीत माझी स्वतःची गाडी हाय, तिला नऊ वर्षं झाली. त्यामुळं जे सांगायलो ते हातानं केलेलं सांगायलो.

आधी चिकनचं बघू, कारण खरं दुखणं तिथंच हाय. तुम्ही लिहिलंय की बोनलेसचे बारीक तुकडे करून मसाला लावला अन् कढईत परतलं. झालं, तिथंच गडबड झाली. कच्च्या चिकनचे जितके बारीक तुकडे कराल तितकं त्याचं अंग उघडं पडतं अन् तितकं पाणी बाहेर येतं, त्यात कढई गच्च भरलेली असली की तेवढं पाणी उडवायची ताकद घरच्या गॅसमधे नसते, मंग चिकन भाजत नाही, स्वतःच्याच पाण्यात शिजतं. चव बरी लागते पण तो शोरमा नसतो, ती सुक्की भाजी असते.

दुकानात काय होतं ते नीट ध्यानात घ्या म्हणजे घरचं आपोआप कळंल. शोरमा हा शब्दच मुळात तुर्की 'चेविर्मे'वरून अरबीत आलाय, त्याचा अर्थ फिरवणे. मोठ्या मोठ्या चपट्या तुकड्यांचा थर उभ्या सळईवर गच्च दाबून रचतात, मधे मधे कातडी अन् चरबी लावतात, अन् तो ढीग आचेसमोर फिरत राहतो. आचेकडची बाजू खरपूस होते, आतली तिच्या आडोशाला रसदार राहते, अन् कारागीर फक्त बाहेरचा भाजलेला पापुद्रा सुरीनं उतरवतो. म्हणजे बघा, मांस अख्खं असताना भाजलं जातं अन् भाजल्यावर चिरलं जातं. आपण घरी बरोबर उलटं करतो, आधी चिरतो अन् मंग भाजतो. घरी सळई नाही म्हणून काही अडत नाही, क्रम सांभाळा: अख्खं भाजा, मंग चिरा, अन् चिरलेलं परत एकदा त्याच्याच चरबीत तव्यावर टाका. एवढं एक केलं तरी अर्ध्याच्या वर काम झालं.

आता खरेदी. चिकनवाल्याला छातीचं बोनलेस मागू नका, मांडीचं मागा. आपल्याकडं बोनलेस म्हणलं की तो सरळ छातीचं काढून देतो, म्हणून 'लेगचं बोनलेस पाहिजे' असं आधीच सांगून ठेवा, हाडं काढायला त्याला वेळ लागतो, सकाळी गर्दीच्या आधी गेलेलं बरं. मांडीत चरबी असती, दोन मिनिट जास्त भाजलं तरी कोरडं पडत नाही, छातीला ती माफी नाही. छातीचं वापरायचंच असंल तर अर्धं-अर्धं करा. अन् अजून एक गोष्ट मागा जी तो फेकून देतो, दोन-तीन कोंबड्यांची स्वच्छ कातडी. आपल्याकडं कातडी कुणी खात नाही पण तिची चरबी हाच शोरम्याचा जीव हाय. ती थंड तव्यावर ठेवून बारीक आचेवर सोडली की पंधरा-वीस मिनिटात चरबी सुटते, ती वाटीत काढून ठेवायची.

चिकन धुतलं असंल तर चाळणीत अर्धा तास निथळू द्या अन् मंग स्वच्छ फडक्यानं टिपून घ्या. धुतलेलं चिकन तसंच ओलं मसाल्यात घातलं की पाव वाटी पाणी तुम्ही स्वतःच घातलं असं समजा. मांडीचा तुकडा पुस्तकासारखा उघडायचा, जिथं जाड हाय तिथं सुरीनं चीर देऊन पसरवायचं, सगळीकडं साधारण एका बोटाइतकी जाडी आली पाहिजे.

मसाला एक किलोला असा. जिरे दोन छोटे चमचे, धने दोन, काळी मिरी दीड, हे तिन्ही कोरडं हलकं भाजून कुटायचं. त्यात दालचिनीची पूड एक चमचा, वेलचीची पूड पाऊण चमचा, चार लवंगा, जायफळ चिमूटभर, सुंठ अर्धा चमचा, हळद अर्धा चमचा, काश्मिरी तिखट दोन चमचे. तिकडं यात ऑलस्पाइस नावाचा गोल दाणा असतो, आपल्याकडं काही दुकानदार त्याच्या नावाखाली कबाबचिनी देतात, ती वेगळी, तिच्या दाण्याला बारीक शेपटी असती. नाही मिळालं तर सोडून द्या, लवंग-दालचिनी-जायफळ मिळून तो वास बऱ्यापैकी भरून काढतात. मीठ पंधरा ग्रॅम, म्हणजे सपाट अडीच छोटे चमचे. घट्ट दही शंभर ग्रॅम, फडक्यात बांधून पाणी काढलेलं, व्हिनेगर दोन मोठे चमचे, एका लिंबाचा रस, तेल तीन मोठे चमचे, लसणाच्या दहा पाकळ्या वाटून.

काय घालायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. आपल्या हाताला सवय हाय, काळा मसाला, येसर, कसुरी मेथी, आलं-लसूण पेस्टचा मोठा चमचा, लाल रंग. ताई, हात आवरा. येसर घातला की त्याची चव बाकी सगळ्यावर बसते, रस्सा म्हणून उत्तम लागंल पण शोरमा नाही लागणार. कच्चं आलं तर मी घालतच नाही, त्यात मांस विरघळवणारा गुण असतो, पपईसारखा, रात्रभर राहिलं की चिकनचा वरचा भाग पिठासारखा होतो, म्हणून सुंठ. लिंबू-व्हिनेगरचंही तेच, सहा ते बारा तास मुरू द्या, त्याच्या पुढं नको. अन् मुरवायचं ते फ्रीजमधेच, ओट्यावर झाकून नाही. आपल्याकडं मे महिन्यात बेचाळीसच्या वर पारा असतो अन् लाईट कधी जाईल सांगता येत नाही, चार-पाच तास लाईट गेली अन् चिकन हाताला कोमट लागलं तर ते वापरू नका, फेकून द्या, पैशाकडं बघू नका.

भाजताना लोखंडी तवा पहिले पाच मिनिटं मोठ्या आचेवर चांगला तापवा, कातडीची चरबी चमचाभर सोडा, अन् एका वेळी तीन नाहीतर चारच तुकडे ठेवा. दोन तुकड्यांत दोन बोटं जागा राहू द्या. दही-मसाला जास्तीचा असंल तर निपटून टाका. वर एक सपाट बुडाचं जड भगुनं ठेवा, बूड स्वच्छ पाहिजे, म्हणजे मांस तव्याला चिकटून बसतं अन् सगळीकडं सारखा रंग येतो. पाच मिनिटं हलवायचं नाही. हे सगळ्यात अवघड जातं, उलथनं हातात असलं की माणूस सारखं वरखाली करतोच, पण नाही, पाच मिनिटं थांबा. उलटा, दुसरी बाजू चार मिनिटं. जाड तुकड्याला मधोमध सुरी घालून बघा, पाणी पांढरं-स्वच्छ आलं पाहिजे, गुलाबी झाक दिसली तर परत तव्यावर. थर्मामीटर असंल तर आत ७४ अंश झालं की काम झालं.

मंग ही माझी आवडती पायरी. भाजलेले तुकडे ताटात पसरून ठेवू नका, एकावर एक रचा, सात-आठ तुकड्यांची चळत, वरून ताटलीनं हलकं दाबा अन् दहा मिनिटं सोडा. खाली रस जमतो, तो ओतून ठेवा. आता त्या चळतीला वरून खाली उभी सुरी लावून पातळ पातळ काप काढा. सळईवरून उतरवल्यावर जसं निघतं अगदी तसंच निघतं, एक कड खरपूस, बाकी मऊ. वाढायच्या वेळेला एका रोलपुरतं चिकन तव्यावर, वरून चमचाभर चरबी अन् जमवलेला रस, मोठी आच, एक ते दीड मिनिट. चर्र आवाज आला पाहिजे अन् कडा तपकिरी झाल्या पाहिजेत. हे आधी करून ठेवायचं नाही, रोल बांधतानाच करायचं.

कोळशाचा धुंगार द्यायचा का असं बरेच जण विचारतात. माझं मत, नको. जेद्द्यात आमच्या दुकानात मशीन गॅसवरच होतं, धुराची चव आम्ही कधी दिली नाही. धुंगार दिला की जीभ म्हणते तंदुरी, अन् मंग वेलची-दालचिनी कळतच नाही.

सॉसकडं येऊ. खरा सॉस म्हणजे तूम, लेबनॉनकडचा, त्यात लसूण, मीठ, लिंबू अन् तेल एवढंच, अंडं नाही, दूध नाही. सोललेला लसूण शंभर ग्रॅम, प्रत्येक पाकळी उभी चिरून मधला हिरवा कोंब काढा, कडूपणा त्या कोंबातच जास्त. छोटा चमचा मीठ घालून आधी अगदी मलईसारखं वाटा, दाणा राहिला की सॉस बसत नाही. मंग तीनशे मिली तेल अन् अडीच मोठे चमचे लिंबाचा रस आलटून पालटून, तेल झाकणाच्या भोकातून दोऱ्यासारख्या बारीक धारेनं. तुमचा सॉस फुटला त्याचं कारण मला जवळपास नक्की वाटतं, एकतर तेल भसकन पडलं, नाहीतर मिक्सर तापला. आपलं मिक्सर चटणीसाठी बनलेलं, दोन मिनिटात भांडं गरम होतं अन् गरम झालं की तेल सुटतं. म्हणून भांडं, तेल, लसूण सगळं अर्धा तास फ्रीजमधे ठेवा, दर अर्ध्या मिनिटाला थांबा, बर्फाच्या पाण्याचा चमचा मधे मधे घाला. तेल रिफाइंड घ्या. आपल्या भागातली करडई मला लई प्रिय हाय पण घाण्याचं करडई तेल इथं वास मारतं, रिफाइंड करडई मात्र एकदम छान चालती, सूर्यफूल, सोयाबीन पण चालतंय.

फुटलाच तर फेकू नका. भांडं धुवून कोरडं करा, त्यात दोन चमचे बर्फासारखं गार दूध घ्या, मिक्सर चालू करून फुटलेला सॉस चमच्या-चमच्यानं वरून सोडा, परत जमून येतो. लेकरांना तूम झणका देतो, म्हणून त्यांच्यासाठी दुसरा करा: शंभर मिली थंडगार सायीचं दूध, उकडलेल्या लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, मीठ, अन् दोनशे मिली तेल बारीक धारेनं, घट्ट झाल्यावर शेवटी चमचाभर लिंबू. दुधातलंच प्रथिन तेल धरून ठेवतं, अंड्याची गरज पडत नाही.

कच्च्या अंड्याचं मेयोनीज तर करूच नका, विशेषतः लेकरांच्या कार्यक्रमाला. मे २०२२ मधे केरळात कासरगोड जिल्ह्यात शोरमा खाऊन एक विद्यार्थिनी गेली अन् कितीतरी जण दवाखान्यात पडले, मे २०२४ मधे मुंबईत एकोणीस वर्षांचा पोरगा गेला. केरळनं जानेवारी २०२३ पासून कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली, नांदेडच्या पलीकडं तेलंगणातही २०२४ मधे तशी वर्षभराची बंदी आली. मी हाच धंदा करतो म्हणून मला हे सांगावंच लागतं. रस्त्यावर घोळ दोन जागी होतो, गर्दी झाली की कारागीर घाईघाईत आतला अर्धाकच्चा थर उतरवतो, अन् गिऱ्हाईक नसलं की बर्नर बंद करतो, मंग तो ढीग तास न् तास कोमट उभा राहतो. जंतूंना दुसरं काय पाहिजे. परभणीत सुरुवातीला गॅस वाचवायला मी पण दुपारी बर्नर बंद ठेवायचो, जेद्द्यातल्या आमच्या उस्तादाला फोनवर सहज सांगितलं तर त्यांनी लई झापलं, तेव्हापासून मी लहान ढीग लावतो, संपला की संपला. घरच्या पद्धतीत हा धोका पुष्कळ कमी, कारण प्रत्येक तुकडा तुम्ही डोळ्यासमोर पूर्ण भाजायलात. फक्त कच्च्या चिकनची पाटी अन् सुरी काकडी-कोबीला लावू नका, अन् उन्हाळ्यात भाजलेलं चिकन तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका.

रोटी. तुम्ही पोळीत गुंडाळलं असं लिहिलंय. पोळीत होतं ते फ्रँकी, वाईट नाही, पण पोळी गार झाली की कडक होती अन् सॉसनं भिजली की फाटती. कुबूस, म्हणजे तिकडची मैद्याची फुगलेली रोटी, घरी जमतं. पाचशे ग्रॅम मैदा, तीनशे मिली कोमट पाणी, सात ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, आठ ग्रॅम मीठ, दोन चमचे साखर, दोन मोठे चमचे तेल. दहा मिनिटं मळायचं, कणीक हाताला किंचित चिकटली पाहिजे, घट्ट मळली की संपलं. उन्हाळ्यात पाणी कोमट कशाला, माठातलं घ्या, पाऊण तासात फुगून येतं. परभणीच्या थंडीत मात्र मला दीड-दोन तास लागतात, तेव्हा डबा गरम पाण्याच्या भगुन्यात ठेवतो. दहा गोळे, पंधरा मिनिटं झाकून, मंग वीतभर गोल लाटा, कडा अन् मधला भाग सारखा पाहिजे. तवा कडक तापलेला, एका बाजूनं बुडबुडे आले की उलटा, दुसऱ्या बाजूनं कापडानं कडा दाबत गेलं की टम्म फुगतं, एकूण दीड मिनिटाच्या वर नाही. जास्त वेळ ठेवलं की पापड होतं. अन् उतरवली की लगेच जाड फडक्यात गुंडाळून डब्यात. ही वाफच तिला मऊ ठेवती, तुमची रोटी फाटली ती बहुतेक उघडी राहिल्यामुळं. संभाजीनगरच्या नान-खलियातला नान खाल्ला असंल तर तो मऊपणा आठवा, तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली तेव्हापासूनचा पदार्थ म्हणतात, म्हणजे मैद्याची फुगलेली रोटी आपल्या मुलखाला काही नवी नाही.

आत भरायला कोबीचा ढीग नको. कोबीला पाणी सुटतं, दुकानदार पोट भरायला घालतात. तिकडं चिकनच्या शोरम्यात लसणाचा सॉस, लोणच्यातली काकडी अन् बटाट्याचे तळलेले काप, बस्स. तिळाचा ताहिनी सॉस, कांदा, टोमॅटो हे बीफ-मटणाच्या शोरम्याला. काकडीचं लोणचं आदल्या दिवशी करा, एक वाटी पाणी, एक वाटी व्हिनेगर, मोठा चमचा मीठ, छोटा चमचा साखर उकळून गार करायचं अन् काकडीच्या फाकांवर ओतायचं. लेबनॉनमधे बिटानं गुलाबी केलेलं सलगम घालतात, मी त्याच्या जागी पांढरा मुळा घालतो, बिटाची एक फोड टाकली की दुसऱ्या दिवशी गुलाबी होतो, लेकरांना तो रंगच आवडतो.

गुंडाळताना सॉस मधोमध लांब पट्ट्यात, कडेपर्यंत नाही. चिकन, काकडी, बटाटा, खालची बाजू दुमडून मंग घट्ट वळायचं, अन् जोड खाली करून तव्यावर चरबीत अर्धा मिनिट दाबायचं, जोड चिकटतो अन् बाहेरून कुरकुरीत होतं. लगेच कागदात.

पंधरा लेकरांसाठी हिशोब असा. एक किलो कच्च्या बोनलेसचं भाजून सातशे ग्रॅमच्या आसपास राहतं, लेकराला एका रोलमधे ऐंशी-नव्वद ग्रॅम पुरं होतं, म्हणजे दोन किलो चिकन अन् सोळा रोटींना आठशे ग्रॅम मैदा. आदल्या दिवशी सकाळी लोणचं. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आठला चिकनला मसाला लावून फ्रीजमधे. दुपारी दोनला सॉस, तीनला कणीक, चारच्या पुढं रोट्या, अन् चिकनचा पहिला तवा सव्वासहाला. दोन किलोला सहा-सात खेपा लागतील, एका खेपेला दहा मिनिटं धरा, म्हणून दुसरा तवा मागून आणा अन् दोन्ही गॅसवर ठेवा. सातला लेकरं बसली की एकानं तव्यावर चिकन परतायचं, दुसऱ्यानं रोल बांधायचा, दोघं असले की पंधरा रोल वीस-पंचवीस मिनिटात होतात. अन् मसाला लावल्यावर लगेचच एक तुकडा भाजून मीठ चाखून बघा, मुरवलेल्या चिकनमधे मीठ कमी पडलं असंल तर तेव्हाच घालता येतं, रोल बांधताना नाही.